जावयाची चौकशी

पुणतांब्यात कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं असलं की पत्रिका गुरुजींकडे जायच्या आधी मुलाचं नाव-गाव बायडाबाईंकडे येतं. हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता आहे. बायडाबाई चौथी शिकलेल्या, घरची थोडी पेरूची बाग आणि ऊस, बोलायला फटकळ आणि चालायला दमदार. मुलाच्या गावी त्या एकट्याच जातात. तिथं मुलाचं नावसुद्धा काढत नाहीत. शेळी विकत घ्यायचीय म्हणून सांगतात. मग शेळीवरून गोठा, गोठ्यावरून घर आणि घरावरून मुलगा, अशी गाडी आपोआप रुळावर येते. दोन तासांत तो पितो का, आईला उलट बोलतो का, दुकानात उधारी ठेवतो का, हे सगळं पदरात बांधून त्या परत येतात. पंचवीस वर्षांत त्यांनी एक शेळी घेतली असेल तर शपथ! वाकडी गावचा एक भला माणूस तर शेळी घेऊन थेट दारात आला होता. त्याला चहा पाजून आणि शेळीला ओला चारा घालून मोठ्या मुश्किलीनं परत पाठवावं लागलं.

निघताना त्या एक प्रश्न विचारतातच. समोरच्या बाईला म्हणतात, "तुजी पोरगी ह्या पोराबरूबर एकटी बाजारला पाठवशील का गं?" उत्तर काय येतं याकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं. हो म्हणायला किती वेळ लागला, तेवढं त्या बघतात.

अशा बाईला मोबाईलवरच्या टॅक्सीच्या धंद्यात खेचलं ते रुपालीनं. रुपाली गावचीच मुलगी. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून परत आली आणि तिनं स्टेशनजवळ एका खोलीत 'पोचवा' सुरू केलं. मोबाईलवर बोट लावलं की गाडी दारात. रेल्वेनं येऊन शिर्डीला जाणारे, लोणीच्या दवाखान्यात जाणारे, राहुरीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुली, सगळ्यांची सोय झाली. ड्रायव्हर घेताना रुपाली लायसन बघायची, पोलिसांचा दाखला बघायची. रोज सकाळी ड्रायव्हरनं आपल्या तोंडाचा फोटो पाठवायचा, म्हणजे गाडीत तोच माणूस आहे हे कळावं. गाडी कुठे आहे ते घरच्यांना नकाशावर दिसायचं. आपल्याकडून तिनं काही कमी ठेवलं नव्हतं.

तरी एक दिवस सृष्टी नावाच्या मुलीचा फोन आला. राहुरीला निघाली होती. ड्रायव्हरनं आधी हॉस्टेलचा खोली नंबर विचारला, मग लग्न कधी करणार ते विचारलं, आणि मग जवळचा रस्ता म्हणून गाडी पाटाच्या कडेनं घेतली. पोरगी हुशार. फाट्यावर माणसं दिसताच गाडी थांबवायला लावून उतरली आणि रसवंतीवाल्याच्या बाकावर बसून तिनं फोन केला. पुढे काही झालं नाही. ड्रायव्हरला रुपालीनं त्याच दिवशी घरी बसवलं. पण तिनं त्याचा अर्ज पुन्हा काढून बघितला. त्या माणसाचे सगळे कागद खरे होते. त्याच्यावर कधी गुन्हा नव्हता, हेही खरंच होतं.

ती तडक बायडाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. "मावशी, कागद चोख असून असं झालं. माणूस कसा आहे ते कुणाला विचारू?"

"आगं मंग चौकशी करायची!" बायडाबाई म्हणाल्या. "गाडीत पोरगी बसवायची म्हंजी घडीभर का हुईना, सोयरीकच झाली की ती. जाते मी शेळी बघायला."

तेव्हापासून 'पोचवा'त दोन परीक्षा सुरू झाल्या. पहिली गावात, दुसरी गाडीत. दुसऱ्या परीक्षेत बायडाबाई मागच्या सीटवर बसायच्या आणि अखंड बडबड करायच्या. पेरूचा भाव, गुडघेदुखी, भावकीतली भांडणं. बोलता बोलता ड्रायव्हरनं मान मागे वळवली की नापास. एका पठ्ठ्यानं वैतागून म्हटलं, "आज्जे, जरा गप बसती का?" रुपाली घाबरली, म्हणाली, आता याचं काही खरं नाही. बायडाबाईंनी त्याला तिथल्या तिथं पास केलं. "त्वांडानं वंगाळ हाय, पर डोळं रस्त्यावर हायेत. त्वांड मी सुधरीन," असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच सुधारलं.

वर्षभरात त्यांचा असा काही दरारा बसला की आसपासच्या गावांत कुणी अनोळखी म्हातारी शेळीचा भाव विचारायला लागली की अख्खी गल्ली सभ्य व्हायची. मी तर म्हणेन, वर्षातून एकदा प्रत्येक गावातून बायडाबाईंना फिरवलं पाहिजे.

आणि मग एका सोमवारी रुपालीनं नव्या अर्जांतला एक फोटो त्यांच्यापुढे धरला. गोरक्ष. राहणार चितळी. सध्याचं काम, दुधाचा टेम्पो चालवणे.

बायडाबाईंचा चेहरा पडला. गोरक्ष म्हणजे त्यांचा एकुलता एक जावई! ज्ञानेश्वरीचा नवरा. धोंड्याच्या महिन्यात ज्याला पाटावर बसवून अनारसे वाढायचे, ज्याच्यापुढे सहा वर्षांत कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याची परीक्षा घ्यायची? आणि समजा, नापास करायची वेळ आली तर? लेकीला काय तोंड दाखवायचं? बरं, न तपासता पास करावं, तर उद्या कुणाची तरी सृष्टी त्याच्या गाडीत बसायची, ती बायडाबाईंच्या शब्दावर.

"मावशी, या वेळी मीच बघते," रुपाली म्हणाली.

"न्हाई. ज्याला न तपासता सोडलं त्यो घरचाच निघाला, आसं हुयाला नगं."

त्या चितळीला गेल्या खऱ्या, पण तिथं त्यांची विद्या फसली. शेळीचं नाव काढायची सोयच नव्हती. गावात पाऊल टाकताच "गोरक्षची सासू आली" म्हणून बोभाटा झाला. ज्या दारात जावं तिथं चहा, हळदी-कुंकू, ओटीत नारळ. आणि जावई? जावई म्हणजे सोनं! देवमाणूस! विहीणबाई मालनबाईंनी तर पोराच्या कौतुकात पोह्याची दुसरी बशी पुढे सरकवली. सासूला जावयाचं खरं-खोटं कोण सांगणार? संध्याकाळच्या आत बायडाबाई सहा नारळ घेऊन परत आल्या, आणि माहिती मात्र काडीची नाही.

राहिली गाडीतली परीक्षा. ती बुधवारी ठरली. गोरक्ष इस्त्रीचा शर्ट घालून आला, दार उघडून उभा राहिला. "मामी, फुडं बसा ना."

"मागंच बरी हाय, पाव्हणं. आज मी सासू न्हाई."

गाडी राहात्याच्या रस्त्याला लागली आणि बायडाबाईंचा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला. काय सुंदर गाडी चालवत होता पोरगा! खड्ड्यात चहाचा कप हिंदकळला नसता. त्यांनी पेरू काढला, गुडघे काढले, भावकी काढली. गोरक्ष "व्हय मामी," "तर वो मामी," म्हणत होता, पण मान सरळ. आरशातूनसुद्धा बघत नव्हता. पास, शंभरातले शंभर, असं बायडाबाईंनी मनात म्हटलं, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

ज्ञानेश्वरीचा होता. गोरक्षनं फोन उचलून कान आणि खांद्याच्या मधे धरला. "हां, बसल्यात. नीट बसल्यात." फोन ठेवतो न ठेवतो तोच मालनबाईंचा आला. विहीणबाईंना जेवायलाच आण, भाकरी टाकतेय. "व्हय आई, आनतो. वांगी कर, वांगी." समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. गोरक्षनं एका हातानं गाडी उजवीकडे काढली. समोरून एक टेम्पो. कर्णकर्कश हॉर्न, करकचून ब्रेक, आणि गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागे. उसाचं एक टिपरू टपकन बॉनेटवर पडलं.

कुणाला काही झालं नाही. फक्त बायडाबाईंचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता, सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. पदर सावरला, श्वास सावरला. मग विचारलं, "पाव्हणं, गाडी चालवताना फोन घ्यावाच लागतो का?"

गोरक्ष मनापासून चकित झाला. "घरच्यांचा फोन उचलायचा न्हाई म्हंजी, मामी? आन् तुमचा तर रोज साडेनवाला येतो. टेम्पो भरून मी तवा ऐन रस्त्यात आसतो. पर सा वर्सात एकदा बी चुकू दिला न्हाई. सासूबाईंचा फोन हाय, वाजत कसा ठेवायचा?"

हे तो अभिमानानं सांगत होता. शाबासकी मिळेल अशा आशेनं.

रोज साडेनऊ! चहा झाला की ओट्यावर बसून बायडाबाईच फोन लावायच्या. 'पाव्हणं, न्याहारी झाली का? पोरगी बरी हाय ना?' आणि तिकडे हा बाबा दुधानं भरलेला टेम्पो एका हातानं हाकत त्यांना न्याहारीला काय होतं ते सांगत होता. साऱ्या तालुक्यातल्या ड्रायव्हरांची चौकशी केली, आणि आपण घरी बसून काय करतोय याची चौकशी करायचं तेवढं राहिलं. मनातून त्या इतक्या शरमल्या की वांग्याच्या जेवणाला गेल्याच नाहीत.

'पोचवा'च्या खोलीत चार ड्रायव्हर बसले होते, रुपाली होती. बायडाबाईंनी पदर नीट ओढून घेतला, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाव्हणं, राग मानू नगा. तुमी नापास."

कुणीतरी खोकलं. गोरक्षचे कान लालभडक झाले. समोर ठेवलेल्या चहाला हात न लावता तो उठून गेला.

"आन् रुपाली, मी बी नापास," बायडाबाई म्हणाल्या. "लिही तसं."

लेकीचा फोन पाचव्या मिनिटाला आला. "आई, चार मान्सांत? तुला दुसरं कुनी घावलं न्हाई? आता मी म्हायेरला कोन्या तोंडानं येऊ?" पुढचे अकरा दिवस चितळीहून ना फोन, ना निरोप. रोज साडेनऊला त्यांचा हात मोबाईलकडे जायचा आणि त्या तो पदराखाली दाबून बसायच्या. जावयाचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना. खोटं कशाला सांगायचं, दोनदा त्या रडल्यासुद्धा.

बाराव्या दिवशी गोरक्ष स्वतः दारात उभा राहिला. टेकला नाही, पाणी घेतलं नाही. "मामी, लई राग आल्ता. मंग टेम्पोवर निघालो तर साडेनवाला फोनच आला न्हाई. पैल्यांदाच ध्यान दिऊन रस्ता बघितला. शाळंची पोरं किती आडवी येत्यात त्या रस्त्याला! मला ठावंच नव्हतं." आणि म्हणाला, "परत घ्या परीक्षा."

"घेते. पर मी गाडीत बसनार न्हाई. माज्यासमूर तुमी फोन उचलनारच न्हाई. माज्या माघारी काय करता, ते बघायचंय."

त्यानुसार दुसऱ्या दिवशी रुपाली गाडीत बसली आणि गाडी शिर्डीकडे निघाली. बायडाबाई ओट्यावर मोबाईल घेऊन बसल्या. मालनबाईंना आणि ज्ञानेश्वरीलाही त्यांनी कामाला लावलं होतं. तिघींनी मिळून त्या बिचाऱ्या फोनला श्वास घेऊ दिला नाही. पहिला फोन बायडाबाईंनी लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि थांबली. दुसरा. तिसरा. दहाव्याला त्यांना हसू फुटलं. चौदाव्याला त्या उभ्या राहिल्या आणि कानाला फोन लावून ओट्यावरच येरझाऱ्या घालायला लागल्या.

शेजारची लंकाबाई कुंपणापलीकडून हे सगळं बघत होती. जावई रुसल्याचं साऱ्या आळीला माहीत होतं. ती हळहळून म्हणाली, "अजून उचलंना का गं पाव्हनं?"

"न्हाई उचलत!" बायडाबाईंचे डोळे भरून आले होते आणि आवाज पार चौकापर्यंत जात होता. "चवदा डाव लावला, येकदा बी उचलला न्हाई! आगं, पाठव तुजी पोरगी खुशाल. माजा जावई हाय त्यो!"