चढता पाला

माझे वडील बाणकोटच्या खाडीत जाळं टाकायचे, पण चढत्या पाल्याला कधीच नाही. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला निघालेला मासा तो. त्याला ते वर जाऊ द्यायचे आणि अंडी घालून उतरताना धरायचे. उतरता पाला बेचव लागतो, म्हणून गाव त्यांना हसायचं. माझ्या नवऱ्याचं घर त्याच काठावर. त्याला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर माझं डोकं फिरलं.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. आम्ही कुवेतमध्ये फहाहीलला राहत होतो. नवरा, त्याचे दोन भाऊ आणि स्वयंपाकाला मी. मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? शेजारचं कुटुंब बोटीने मुंबईला निघालं होतं, त्यांच्यासोबत जायचं ठरलं. मी पेटीसुद्धा भरली. बोटीच्या चार दिवस आधी नवरा म्हणाला, "बोटीत जागा नाय गो. फुडच्या बोटीला बघू." मी मूर्खासारखी पेटी रिकामी केली.

बोट सुटली त्या दुपारी तो बाजारातून मासा घेऊन आला. इथे त्याला सबूर म्हणतात. आमचा पालाच तो. "बसऱ्याच्या नदीत चढाया निघालेला. पोटात अंड्यांची गाबोळी बघ केवढी!" तो कौतुकाने सांगत होता, तेवढ्यात शेजाऱ्यांचा भाऊ त्यांना बोटीवर पोचवून परतला. दारातूनच म्हणाला, "भाभी, तुमची जागा शेवटपर्यंत धरली होती. का नाय आलात?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "तू गेलीस तर आमा तिघांचं जेवान कोण करणार?"

तोंडावर मी त्याला अहो म्हणायचे, मनात त्या दिवसापासून अरे. "लाज नाय वाटत तुमाला?" मी ओरडले. "माजा बापूस चढत्या पाल्याला हात लावीत नव्हता!" मासा आणि विळी त्याच्यासमोर आदळली. "कापा आता तुमीच." त्याने कापला नाही. संध्याकाळी मासा नासला, तेव्हा कुठे उचलून बाहेर टाकला.

पुढच्या बोटीपर्यंत माझे दिवस भरत आले होते. बोटीवाल्यांनी घेतलंच नाही. मुलगी फहाहीलला झाली. आईचा हात हातात नव्हता, हे मी अजून माफ केलेलं नाही.

तीच मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली. तिला दिवस गेले तसा मी फोन केला, "बाणकोटला ये. मीपण येते. पहिलं बाळंतपण तिथेच करू."

"नो मम्मी," ती म्हणाली, "आय वॉन्ट टू कम होम. फहाहीलला."

नवरा शेजारी बसून ऐकत होता. खूश होऊन म्हणाला, "येवू दे की. तिचा म्हायेर हाय हा."

तो नासका मासा त्याच्या तोंडावर मारायचा राहून गेला, असं मला इतक्या वर्षांनी वाटलं. मग मी उठले आणि तिच्यासाठी खोली आवरायला घेतली.