शाफ्टवरचं झाकण

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी, सकाळी साडेदहा. ऑर्डर वीस ब्लोअरची, रक्कम एकवीस लाख पन्नास हजार. हजर: थोरला भाऊ, वहिनी, चांदवडचे एक डीलर आणि मी.

ट्रॅक्टरमागे जोडून द्राक्षबाग फवारायचं यंत्र म्हणजे ब्लोअर. अंबडमधल्या आमच्या लहानशा कारखान्यात ते बनतात. ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांना जोडणारा शाफ्ट जोरात फिरतो. त्यावर आम्ही पत्र्याचं झाकण बसवतो. वडिलांच्या डोळ्यांदेखत एका मजूर बाईचा पदर असल्या उघड्या शाफ्टमध्ये गुंडाळला गेला होता. तिचा हात गेला. वडिलांनी कारखाना काढला तो त्यानंतर, आणि नियम केला: कुणाचाही उघडा ब्लोअर दुरुस्तीला आला, की नुसत्या पत्र्याच्या पैशांत झाकण बसवूनच परत द्यायचा.

डीलरना झाकण नको होतं; नगामागे अडीच हजार वाचत होते.

“शेतकरी आठ दिवसांत काढून फेकतो,” ते म्हणाले.

“फेकू द्या. आम्ही उघडा देत नाही,” दादा म्हणाला.

“भाऊ, कारखाना चालवता का धर्मशाळा?”

“धर्मशाळा असती तर तुम्ही मुक्कामालाच आला असता, शेठ.”

शेठ हसले, पण बधले नाहीत. मी दादाला बाजूला घेतलं. कारखान्याचा हिशेब मी लिहायचो; नऊ कामगारांचा दिवाळी बोनस याच ऑर्डरच्या आगाऊ रकमेतून निघणार होता.

“दादा, अडीच हजारांच्या पत्र्यापायी साडेएकवीस लाख घालवतोयस.”

यंत्रांना हळदकुंकू लावणाऱ्या वहिनींनी मान वर न करता विचारलं, “भाऊजी, तुमच्या वहीत हाताचा काय भाव धरलाय?”

ऑर्डर गेली. बोनस निम्माच देता आला. राहिलेला नंतर देऊ, असं कबूल केलं. महिनाभर मी दादाशी कामापुरतंच बोललो.

झाकणांपायी आपण किती घालवतो हे त्याला दाखवायला मार्चमध्ये मी बिलं काढून बसलो. वर्षभरात शेतकऱ्यांनी थेट आमच्याकडून घेतलेले ब्लोअर एकतीस. ते घेणाऱ्यांतले एकोणीस जण पहिल्यांदा आमच्याकडे आले होते ते दुसऱ्याच कुणाच्या ब्लोअरला झाकण बसवून घ्यायला. मी झाकण कायम खर्चात लिहीत आलो होतो. माणूस परत कशामुळे आला, याला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

यावरून भलं काम केलं की धंदा चालतोच, असं मी म्हणणार नाही. झाकण बसवूनही बुडालेला कारखाना कुठेतरी असेलच. पण आमच्या फोरमनला शेजारच्या मोठ्या कंपनीत महिना चार हजार जास्त मिळत होते, तरी तो गेला नाही. विचारलं तर म्हणाला, “इथं काय बनवतो ते घरी सांगता येतं.” अशी माणसं टिकली म्हणून माल चांगला राहिला, आणि वाईट वर्षंही निघाली. पगार वाढवून हे विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती.

राहिलेला बोनस पुढच्या दिवाळीआधी दिला: प्रत्येकी चार हजार दोनशे पन्नास, एकूण अडतीस हजार दोनशे पन्नास. आठ जणांना कारखान्यात. नववा नोकरी सोडून सटाण्याला गेला होता. त्याचे त्याच्या घरी नेऊन दिले.