साडूभाऊंची ‘आमची मस्टँग’

मंडळी, आज साडूभाऊंनी डोकं फिरवलं.

माझ्या जुन्या मस्टँगचा पेट्रोलचा काटा बंद आहे. टाकी सोळा गॅलनची, म्हणजे साठ लिटर. सीब गावाहून निघताना किलोमीटरचा हिशोब करून मी म्हटलं, "पंपावर घ्या, पेट्रोल संपत आलंय."

स्टिअरिंगवरून साडूभाऊ म्हणाले, "सोळा गॅलन म्हणजे बहात्तर लिटर! अजून बारा आहे."

अहो, अमेरिकन गॅलन ब्रिटिश गॅलनपेक्षा लहान असतो! ऐकतील तर शपथ.

पुढचं गाला गाव यायच्या आधीच, भर उन्हात, हायवेवर पेट्रोल खलास.

सकाळी बॉनेटला टेकून यांनीच फोटो टाकला होता, "आमची मस्टँग!" आता घाम पुसत म्हणतात, "तुमचं हे भंगार!"

मुल्किया, म्हणजे गाडीचा कागद, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मग ती ‘आमची’ नक्की कितव्या लिटरपर्यंत होती?