सखूबाईंच्या आवाजासाठी दोन प्लॉट

दाजींना एक दुखणं आहे. दोन वेगळ्या वस्तूंतली एक निवडायची असेल तर ते डोळे मिटून निवडतात. पण दोन सारख्या वस्तू पुढे आल्या की मिठागराच्या चिखलात पाय रुतावा तसा हा माणूस जागीच रुततो.

पुरावा हवा असेल तर पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला असलेलं त्यांचं घर बघावं. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी तीन मजली इमारत बांधली. तिला ए आणि बी अशा दोन विंग, खिडकीच्या कडीपर्यंत एकसारख्या. कुठल्या विंगमध्ये राहायचं ते आठ वर्षं झाली तरी ठरलेलं नाही. म्हणून दाजी आणि त्यांची बायको सखूबाई ए विंगमध्ये झोपतात आणि बी विंगमध्ये जेवतात. सकाळचा पहिला चहा प्यायला दोघांना चपला घालून बाहेर पडावं लागतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात फाटक आणायला गेले, तर दुकानदाराने एकाच नक्षीची दोन दाखवली. दोन्ही आली. आता कंपाउंडला शेजारी शेजारी दोन फाटकं आहेत, आणि मधल्या चार हात भिंतीला पोस्टमन सायकल टेकवतो.

लग्नाच्या वेळी दुखणं ऐन भरात होतं. जासईला मुलगी बघायला गेले, तर दोन चुलत बहिणी एकाच रंगाच्या लुगड्यात समोर आल्या. दाजी "विचार करून सांगतो" म्हणून परतले आणि दीड महिना विचार करत बसले. शेवटी त्यांतल्या एकीने भावाबरोबर निरोप धाडला, "मी येते म्हनावं. विचार आता बंद कर." त्या सखूबाई.

सखूबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. सखूबाईंनी सुरुवात केली की मांडवातला जनरेटर ओशाळून बंद पडायचा असं लोक सांगतात. सहा वर्षांपूर्वी गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना आवाजही खरवडून घेऊन गेली. त्यानंतर त्या कुठल्याच मांडवात गायल्या नाहीत. उरले ते एकेचाळीस धवले. मुलगा परेश याने कधीकाळी लग्नालग्नांतून हिंडून ते टेप केले होते आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते.

तो कॉम्प्युटर आता चालू व्हायला पाऊण तास घेई आणि आत पाल चुकचुकावी तसा आवाज करी. परेशची मुलगी भाविका, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिने जाहीर केलं, "माझ्या हळदीला आजीचे धवले लागले पाहिजेत. नाहीतर मी हळद लावून घेणार नाही." तिने ती चुकचुक मोबाईलवर टेप केली आणि बाजारातल्या इलियासला पाठवली. इलियास दुबईला बारा वर्षं काढून आलेला, आता कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्याने ती ऐकली आणि कळवलं, "हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. चालू करू नका. मशीन इकडे आणा, गाणी एसएसडीवर, म्हणजे नव्या जातीच्या डिस्कवर, उतरवू."

झालं. निवड करायची वेळ आली.

दाजी दुकानात गेले ते हात हलवत.

"मशीन कुठंय?" इलियास म्हणाला.

"ती घरी हाय. आधी जागा दाखव."

"कसली जागा?"

"सखूचा आवाज र्‍हायाला जानार ती. हे बघ इलियास, आमाला एकदा आधी उठवला आनि प्लॉट मागून दाखवला. बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. आता प्लॉट ठरल्याबिगर आमच्या घरातला कोन हालनार नाय. आवाज पन नाय."

"पण दाजी, मशीन बघितल्याशिवाय मी कसं सांगू कुठली..."

"ते काचेच्या मागं काय हाय? त्या दोन दाखव."

इलियासने दोन पाकिटं काढली. आतल्या एसएसडी बोटभर लांब, अंगठ्याएवढ्या रुंद, सुक्या बोंबलाच्या तुकड्यासारख्या पातळ. दोन्ही पाचशे जीबीच्या, किंमत एक, वॉरंटी पाच वर्षं. एकीवर निळा कागद, दुसरीवर हिरवा. निळी एका सेकंदात हिरवीपेक्षा किंचित जास्त वाचते, हिरवीवर निळीपेक्षा किंचित जास्त वेळा लिहिता येतं. दाजींचा पाय रुतला.

"यातला कार्नरचा कंचा?"

"एसएसडीला कॉर्नर नसतो."

"जागा पुरंल?"

इलियासने हिशेब केला. "सखूबाई वर्षभर न थांबता गायल्या तरी जागा उरेल."

दाजींनी हे घरी जाऊन सांगितलं. सखूबाई बी विंगमध्ये भाकरी थापत होत्या. "गायले असते वर्षभर," त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "ऐकनारा कोन हाय? जल्मभर मी मांडवात गात र्‍हायले आनि तुमी मांडवामागं, दोनींतला कंचा बोकड बरा ते बघत."

दाजींनी हे ऐकलं नाही. ते निळीचा विचार करत होते.

पुढचे अठरा दिवस बाजारात ज्याला त्याला या दोन एसएसडींची माहिती झाली. सील फोडणार नाही अशी शपथ घालून इलियासने पाकिटं घरी नेऊ दिली. दाजींनी ती मासळीवाल्या आशालताच्या काट्यावर ठेवली. दोन्ही सारखीच भरली. "दाजी, यांच्यापेक्षा माझी कोलंबी जड भरते," आशालता म्हणाली, "आनि तिचा कालवण तरी होतो." दाजींनी पाकिटं कानाशी धरून टिचक्या मारल्या. आतून काहीच वाजलं नाही. ते धावत दुकानात आले. "दोन्ही मुक्या हायत. मुक्या घरात सखूचा आवाज कसा ठेवू?" इलियासने समजावलं की न वाजणं हाच त्यांचा गुण. चुकचुकते ती मरते. दाजींना ते पटलं, पण मग दोघींत जास्त गप्प कोण हा नवा प्रश्न निघाला आणि त्यात तीन दिवस गेले.

शेवटी गावदेवीला कौल लावला. देवीच्या उजव्या अंगाला ओली पाकळी निळीसाठी, डाव्या अंगाला हिरवीसाठी. जी आधी पडेल ती एसएसडी खरी. गाभाऱ्यात उकडत होतं म्हणून गुरवाने पंखा लावला आणि दोन्ही पाकळ्या एकदमच उडाल्या.

"पुन्हा लावा," दाजी म्हणाले.

"दाजी, देवीला इतर कामंही आहेत," गुरव म्हणाला.

हळदीला आठ दिवस उरले. भाविकाने न राहवून कॉम्प्युटर चालू करून पाहिला, तर तो चुकचुकलाच नाही, नुसता कण्हला. ती रडायला लागली. सखूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं, मशीनच्या वायरी उपसल्या, ते चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि रिक्षात बसल्या. "ते दोन बोंबील घेऊन मागून या," एवढंच त्या दाजींना म्हणाल्या.

इलियासने मशीन उघडलं. आत टॉर्च मारला. मग निळी हातात घेतली, ठेवली. हिरवी घेतली, ठेवली.

"दाजी, यातली एकही बसणार नाही. मशीन एवढं जुनं आहे की या जातीची खाचच नाही आत. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, मशीन आणा, मशीन आणा."

दाजी खुर्चीत बसले. "म्हंजी प्लॉट मिलाला, पन त्याला रस्ताच नाय."

"असंच समजा."

"हे पन आमाला नवा नाय," दाजी म्हणाले.

अठरा दिवस एका माणसाबरोबर काढले की त्याचा रोग थोडा आपल्यालाही लागतो. इलियासने कपाटातून काडेपेटीहून जराशी लांब अशी डबी काढली. एसएसडी डबीत घालायची, डबी वायरने जोडायची. आणि म्हणाला, "डब्या दोन आहेत. दोन्हींत उतरवतो. एक बिघडली तरी दुसरी राहील. शहाणे लोक असंच करतात."

दाजींना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शहाणं म्हटलं होतं. ते सखूबाईंकडे बघत राहिले. सखूबाई मशीनकडे बघत होत्या.

अडीच तास लागले. डिस्क प्रत्येक धवल्याला अडून बसे, चुकचुके, मग सोडे. अडतिसाव्याला तिने असा आवाज काढला की इलियास कलमा पुटपुटायला लागला आणि दाजी गावदेवीला आणखी एक नारळ बोलले. एकेचाळिसावा उतरला, डिस्क टक् म्हणाली आणि कायमची गप्प झाली.

मग आठवडाभर दाजी दुपारचे ए विंगच्या ओटीवर भाविकाचा लॅपटॉप घेऊन बसू लागले. आधी निळी लावून एकेचाळीस धवले ऐकायचे, मग हिरवी लावून तेच एकेचाळीस. हळदीला कुठली लावायची ते ठरायला नको?

"सखू, निल्या डबीत तुझा आवाज जरा भरलेला वाटतो," ते बी विंगकडे ओरडून सांगत.

"दोन्हींत मीच हाय," तिकडून उत्तर येई.

"हिरव्यात ठसका कमी हाय."

"ठसका सगल्यात तोच हाय. दहाव्या धवल्याला मना माशीनं छलला होता."

हळदीच्या दिवशी मांडवात भाविका पाटावर बसली. बायकांच्या हातात ओली हळद. स्पीकरवाला धनेश वायर धरून उभा. "दाजी, कुठली लावू?"

दाजींच्या एका हातात निळी डबी, दुसऱ्यात हिरवी. "थांब," ते म्हणाले.

धनेश थांबला. बायका थांबल्या. हळद बोटांवर वाळायला लागली. भाविकाने आधी आजोबांकडे पाहिलं, मग आजीकडे.

सखूबाईंनी पदर खोचला. "यांचा विचार होईस्तवर पोरगी म्हातारी व्हईल," त्या म्हणाल्या, आणि सहा वर्षांनी त्यांनी धवला म्हणायला घेतला. आवाज फाटका होता, दुसऱ्या ओळीला तो सुटून खाली पडला. मागच्या बायकांनी तो उचलून धरला. तिसरी ओळ सखूबाईंनी पुन्हा स्वतःच घेतली. भाविकाच्या गालाला पहिली हळद लागली.

पाहुणा म्हणून आलेल्या इलियासने मोबाईल काढून टेप करायला सुरुवात केली. दाजी दोन्ही डब्या घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर जुनी काळजी होती.

"इलियास," ते हळूच म्हणाले, "हा आता कंच्या डबीत ठेवायचा?"

इलियासने त्यांच्या हातातल्या दोन्ही डब्या काढून आपल्या खिशात टाकल्या. "दाजी," तो म्हणाला, "आधी ऐका."