रोह्याचं पाणी नापास करताना

मुलीला रोह्याला नोकरी लागली तेव्हा पेढे मीच आणले. म्हणजे निदान त्या दिवशी तरी मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, की कंपनीची पहिली शिफ्ट भल्या पहाटे उठून गाठावी लागते, पेणहून रोज जाणं-येणं जमायचं नाही, तिला तिथेच खोली घेऊन राहावं लागणार. मी लगेच म्हटलं, त्यात काय, मी रोज स्कूटरवरून सोडीन. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. निवृत्त झाल्यापासून मी दूधवाल्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही, एवढाच तिचा चांगुलपणा.

माझं म्हणणं कोणी मनावर घेईना. मी चिडलो. चिडलो की मी घरातल्या खुर्च्या सरळ करत बसतो, तशा त्या दोन दिवस अगदी सरळ होत्या. आणि मग मुलीनेच, तिच्या नकळत, माझ्या हातात शस्त्र दिलं.

तिच्याकडे एंजल मासे आहेत. ते मासे म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. पाणी जरा बदललं की पंख मिटून कोपऱ्यात रुसून बसतात. माझ्या सगळ्या आजारपणांत मिळून झाली नसेल एवढी चौकशी त्यांची होते. ती म्हणाली, "बाबा, जुन्या नोकरीची नोटीस चालू आहे, मला सुट्टी नाय मिळणार. फोनवरून तीन खोल्या निवडून ठेवल्यात. तुम्ही जाऊन तिथलं पाणी तेवढं बघून या. जिथे माझे मासे जगणार नाहीत, तिथे मी पण नाय राहणार."

हे ऐकून मी खुर्ची सोडली. तिन्ही खोल्यांचं पाणी नापास झालं की पोरगी घरात राहणार, असं सरळ गणित मी मांडलं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण नापास कसं करायचं हे मला कोणी शिकवायला नको होतं.

बाजारातल्या माशांच्या दुकानदाराकडून पाणी तपासायचे थेंब आणले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि जो रंग येईल तो कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचा. हिरवा आला तर बरं, गडद निळा आला तर या माशांना वाईट. घरच्या फिल्टरबरोबर आलेला पाण्यातले क्षार मोजायचा मीटर होताच. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी एसटीला निघालो तेव्हा बायको दारात हसत उभी होती. "अगदी माझ्या बाबांसारखे दिसताय," ती म्हणाली.

ही आमच्या घरातली जुनी गंमत. माझी सासुरवाडी धरमतरच्या खाडीकडची, खारेपाटातली. तिथल्या विहिरींना खारट पाणी, टँकर येईल तेव्हा येईल. त्यामुळे मुलगी द्यायची झाली की तिकडचे लोक आधी विचारतात, पाणी कुठून आणायला लागतं. माझे सासरे तर आमच्या घरी तीनदा आले. नोकरी, पगार, जमीन, काही विचारलं नाही. परसातल्या विहिरीचं पाणी काढायला लावायचे, चाखायचे, "बघतो" म्हणायचे आणि जायचे. तिसऱ्या खेपेला दोन तांबे पाणी प्यायले, उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "पानी चांगला हाय." लग्न ठरलं. गोडं पाणी पिऊन रडलेला सासरा हा किस्सा मी त्यानंतर प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला सांगत आलो. डोळे पुसायची नक्कल मला फार चांगली जमते.

पहिल्या खोलीने माझी निराशा केली नाही. बोअरवेलचं पाणी, नळाच्या तोंडाला पांढरा थर, आणि मीटरवरचा आकडा असा वर वर चढला की मला त्या मीटरचा मुका घ्यावासा वाटला. घरमालक बिचारा साबण कसा फेस धरत नाही हे स्वतःच सांगत होता. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवत होतो. घरी आल्यावर ती बातमी मी अशा काही आवाजात सांगितली, की बायकोने विचारलं, "पेन्शन वाढली काय?"

दुसऱ्या खोलीत मात्र नळाचं पाणी होतं. स्वच्छ. मीटरनेही आकडा कमी दाखवला, मी तो दोनदा झटकला तरी. मग मी पेला नाकाशी नेला आणि औषधाचा वास पकडला. तिथूनच मुलीला फोन लावला. "क्लोरीन आहे गं. मासे जगायचे नाहीत."

"बाबा, आपल्या पेणच्या नळाला पण क्लोरीन असतो. पाणी एक दिवस उघडं ठेवलं की उडून जातो. इतकी वर्षं तुम्ही आमच्या बादलीला अडखळताय ती कशाची?"

ती बादली मला चांगली माहीत होती. तिच्यापायी मी माझा अंगठा दुखावून घेतला होता. म्हटलं, "आणि वरच्या टाकीला झाकण नाही." टाकीला झाकण होतं. मी वर गेलोच नव्हतो.

"बाटली भरून आणा," ती म्हणाली. "उद्या थेंब टाकून बघू."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली असताना मीच थेंब टाकले. नळी उजेडात धरली आणि जाहीर केलं, "निळा."

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "हिरवा हाय."

"निळा आहे. गडद निळा."

"माझ्या लग्नातला शालू पण तुम्हाला निळा वाटला होता. तो हिरवा होता." तिने नळी माझ्या हातातून घेऊन कार्डाजवळ धरली आणि कार्डासकट माझ्यापुढे ठेवली. हिरवा होता. त्यावर मी दुकानदाराला, थेंबांना आणि घरातल्या ट्यूबलाइटला नावं ठेवली. म्हटलं, तुला काय त्यातलं कळतं, पाण्याचं शास्त्र असतं.

ती रागावली नाही. परत भाजी निवडायला लागली आणि खाली बघतच म्हणाली, "माझे बाबा पण असंच करायचे."

"ते तर पाणी चाखायचे," मी म्हटलं आणि सवयीने हसलो.

"तुमचं पाणी पहिल्याच दिवशी आवडलं होतं त्यांना. घरी येऊन आईला म्हणाले, पानी चांगला हाय गो, आता काय कारण काढू? म्हणून परत तुमच्याकडे गेले. घरी आले तेव्हा पण तेच. आईच शेवटी ओरडली त्यांना, पोरीला घरात ठेवणार काय जन्मभर."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

"तुम्ही सगळे हसायचात," ती म्हणाली. "मग मी पण हसायचे."

सासरे जाऊन खूप वर्षं झाली. त्यांची क्षमा मागायची सोय राहिलेली नव्हती, आणि बायकोची मागायला तोंड नव्हतं. मी तिच्यासमोर बसून गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. वाईट मोडत होतो, तरी तिने ताट माझ्याकडे सरकवलं. रात्री मुलगी आल्यावर मी तिला सांगितलं, पाणी चालेल.

ती म्हणाली, "मला खरं तर तिसरी खोली हवी आहे बाबा. कंपनीची बस तिच्या दाराशीच थांबते. तेवढी बघा."

तिसऱ्या खेपेला मी रोह्याला गेलो तो पिशवीत एकच बाटली घेऊन. घरमालकीण वयस्कर, एकटी राहणारी. खोली वरच्या मजल्यावर, वारा चांगला, खालच्या बोळात भाजीवाला हाका घालत होता. नळाचं पाणी तिने आदल्या दिवशीच बादलीत काढून ठेवलं होतं, मुलीने फोनवर सांगितलं होतं म्हणे. मी थेंब टाकले. हिरवा. खिडकीपाशी नेऊन बघितला, तिथेही हिरवाच. पाठ फिरवून बघितला, तरी हिरवा.

भिंतीशी एक भक्कम टेबल होतं, पुसून ठेवलेलं. "पोरीने विचारलंन होतं, माश्यांच्या पेटीला टेबल मिळेल काय," ती म्हणाली. "माझ्या शिवणयंत्राचं हाय. चालेल ना?"

मी टेबल हलवून पाहिलं. एक पाय तरी डुगडुगेल अशी मला आशा होती. नाही डुगडुगला. त्याच्या बाजूला पलंग, पलंगाशेजारी कपाट. मुलगी शिफ्टवरून येऊन आधी माशांना खायला घालील आणि मग तिथे पाय वर घेऊन बसेल, हे मला दिसायला लागलं. आमच्या घरी ती तशीच बसते.

घरमालकीण खाली जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. मी एक घोट घेतला. गार होतं, कसलाच वास नव्हता, कसलीच चव नव्हती. दुसरा घेतला. खिशातला रुमाल काढेपर्यंत उशीर झाला होता, म्हणून डोळे शर्टाच्या बाहीनेच पुसले.

"काय झालं? पाणी बरं नाय काय?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं, "पानी चांगला हाय." आणि तिच्याकडे अजून एक पेला मागितला.