जोडीचा उंदीर

ताटात काय वाढलंय यापेक्षा ताटात काय उरलंय, याच्याकडे माझ्या आत्याइतकं टक लावून पाहणारं माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात नसेल. तिची सगळी नोकरी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, उंदरांना फ्लोरिन जोडलेली अमायनो आम्लं खाऊ घालण्यात गेली. "प्रथिनांच्या विटाच त्या. एखादीत फ्लोरिन घुसवला तरी शरीराला ती खरीच वाटते. बिनदिक्कत भिंतीत बसवतं, आणि मग घर कलतं," हे ती आल्यागेल्याला ऐकवते, तेही भजी वाढताना. असलं काही पोटात गेलेला उंदीर आधी खाणं टाकतो, म्हणून रोज उरलेलं खाद्य तोलायचं, ही तिथली रीत. निवृत्त होऊन कासार आंबोलीला बंगली बांधली, तरी रीत सुटली नाही. माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे जेवला, तेव्हा त्याचंही ताट काट्यावर गेलं. "जावईबापू, वांगं आवडलं नाही तर तोंडानं सांगायचं. तोलायला का लावता?" स्वयंपाकाला येणाऱ्या शेजारच्या वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आक्का, मानसं हायेत ती, उंदरं न्हाईत!" त्यावर आत्या म्हणाली, "उंदीर निदान पोट भरलं म्हणून खोटं सांगत नव्हते."

गेल्या वर्षी आई गेली आणि बाबांनी जेवण टाकलं. आत्या आपल्या या धाकट्या भावाला कासार आंबोलीला घेऊन गेली. तिथेही ते चतकोर भाकरी खाऊन उठायचे. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण खाल्लं नाही तर टिकायचे नाहीत. आम्ही फार घाबरलो होतो. समजूत घालणं आत्याला कधीच जमलं नाही. तिने जोडीचा उंदीर काढला.

म्हणजे असं, की उंदराचं वजन घटलं ते विषाने की नुसत्या उपासाने, हे कळावं म्हणून दुसऱ्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर ठेवतात. त्याला विष द्यायचं नाही, पण खायला मात्र पहिल्याने खाल्लं तेवढंच. आत्या या दुसऱ्या पिंजऱ्यात जाऊन बसली. बाबांचं उरलेलं तोलायची आणि त्यांनी खाल्लं तेवढंच स्वतः खायची. "बाळ्या, तू दुःखाने वाळतोयस की उपाशी राहून, एवढंच मला बघायचंय." श्रीखंडाचं भांडं बोटाने निपटणारी ही बाई चतकोर भाकरीवर उठू लागली. बाबांनी आधी लक्षच दिलं नाही. मग तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या, आणि वहिनींनी बाबांना गाठलं. "दादा, खावा वो जरा. ही बाई लई हट्टी हाय. तुमच्यापायी मरंल हितं." त्या दुपारी बाबा रडत रडत अख्खी भाकरी जेवले आणि त्यांनी आणखी मागितली. "प्रयोग नासवलास माझा," म्हणत आत्याने काटा उचलून ठेवला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता बाबा तिथेच असतात. दोघांचीही पोटं सुटली आहेत, आणि आईचा विषय निघाला की दोघं मिळून तिच्या आमटीला नावं ठेवतात. परवा आम्ही जेवायला गेलो, तर आत्या तापातून नुकतीच उठलेली. चार घास खाऊन तिने ताट सरकवलं. बाबांनी त्या ताटाकडे पाहिलं, आपल्या पानातली भाकरी उचलून टोपल्यात परत ठेवली आणि हात आवरला. आत्याने ताट पुन्हा पुढे ओढलं.

"वहिनी, भात वाढा," ती म्हणाली. "दोघांनाही."