वरची मूठ

लग्न होऊन मी भिलाईला आले, तेव्हा कारखाना अजून उभा होऊन राहिला होता. किराण्याला मी सुपेला वस्तीतल्या एका कुडाच्या दुकानात जायची. दुकानदाराचं नाव कधी विचारलं नाही. तो मला वैनी म्हणायचा, मी त्याला भाऊ. डाळ तोलून पिशवीत ओतली, की पोत्यातली आणखी एक मूठ तो वरून टाकायचा. "घ्या वैनी, ही पुरौनी." मी पिशवी हलवून ती मूठ खाली बसवायची.

मग टाऊनशिपमध्ये मोठं सहकारी भांडार निघालं. तिथं भाव कमी, म्हणून आम्ही सगळेच तिकडं वळलो. त्या दुकानदाराचा धंदा बसला. पुढं एकदा पाहते तर भांडाराच्या काउंटरमागं तोच उभा, खाकी शर्ट घालून. त्यानं डाळ तोलली, पिशवीत ओतली अन् सवयीनं त्याचा हात पोत्यात गेला. मूठ भरली, पण वर आलीच नाही. बोटं उघडून त्यानं डाळ पोत्यातच सोडली.

"डाळ आता माही नाही, वैनी," तो म्हणाला. "मूठ तेवढी माही आहे."

ती रिकामी मूठ माझ्या पिशवीवर आणून त्यानं उघडली.

मी पिशवी हलवली.